कुत्र्याच्या फोटोतली खुर्ची

आमच्या अमरावतीच्या घरी बैठकीच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. फोटोत माझे वडील उभे आहेत. पगडी, लांब कोट, खांद्यावर उपरणं, आणि चेहऱ्यावर असा भाव की नागपूरच्या कोर्टाचा निकाल नुकताच त्यांच्या बाजूनं लागला आहे. त्यांच्या शेजारी सतरंजीनं झाकलेली एक उंच पाठीची खुर्ची आहे, आणि खुर्चीवर लांब कानांचा एक विलायती कुत्रा बसला आहे. येणारा प्रत्येक पक्षकार फोटोसमोर थबकायचा आणि म्हणायचा, "वा, वकीलसाहेब, काय कुत्रं हाये!" एकानं तर खुर्चीचीही तारीफ केली. एवढी ऐसपैस खुर्ची कुठून आणली, असं त्यानं विचारलं. बाबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "नागपूरहून."

मी तेव्हा पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. हातातलं तबक तिथंच आपटायला हवं होतं. मी ते नीट खाली ठेवलं आणि आत गेले, याचा राग मला अजून येतो.

कारण तशी खुर्ची आमच्या घरी कधीच नव्हती.

कुत्रा बाबांचा नव्हता, जंगलखात्याच्या एका साहेबाचा होता. साहेब परतवाड्याला राहायचा. त्याचं कोर्टाचं काही काम बाबांनी करून दिलं होतं, आणि जबलपूरला बदली झाली तेव्हा त्यानं हा कुत्रा बाबांना भेट म्हणून देऊन टाकला. बाबांना कुत्र्यांचं काडीचं प्रेम नव्हतं. पण साहेबानं उद्या विंचू दिला असता तरी बाबांनी तो तळहातावर घेऊन घरी आणला असता.

आमचं घर सोवळ्याओवळ्याचं. कुत्रा शिवला की डोक्यावरून आंघोळ. त्यामुळे बाबांनी त्या कुत्र्याला सहा महिन्यांत एकदाही हात लावला नाही. ओसरीवरूनच छडी हलवून ते त्याला "गुड बॉय, गुड बॉय" म्हणायचे आणि पक्षकारांना दाखवायचे. त्याला खायला घालणं, त्याची घाण काढणं, विजा कडाडल्या की थरथरणाऱ्या त्या जिवाला पोत्यावर घेऊन बसणं, हे सगळं आईकडे होतं. साहेबानं ठेवलेलं इंग्रजी नाव आईच्या जिभेवर बसत नव्हतं. ती त्याला नुसतं "अरे" म्हणायची. तो "अरे"ला धावत यायचा आणि बाबांच्या इंग्रजी हाकेला कानही हलवत नसे.

तर सहा महिन्यांनी साहेबाचं पत्र आलं. कुत्र्याची आठवण येते, त्याचा एक चांगला फोटो पाठवावा. बस्स. घरात जणू लग्न निघालं. त्याच सुमारास ऑनररी मॅजिस्ट्रेटच्या जागेसाठी बाबांचं नाव वर गेलेलं होतं, आणि साहेबाचा एक शब्द पडला तर काम होईल असं त्यांना वाटत होतं. अमरावतीच्या फोटोवाल्याशी त्यांचं कधीतरी भांडण झालेलं. म्हणून साहेबलोकांचे फोटो काढणारा अकोल्याचा माणूस बोलवायचं ठरलं.

त्या रात्री जेवताना आईनं वाढता वाढता विषय काढला. माझी आई अंजनगावची. अमरावतीहून अंजनगाव म्हणजे काही लंका नव्हे, सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचतो. पण चार वर्षं तिला माहेरी पाठवलेलं नव्हतं. एका मुंजीच्या मानपानात माझ्या मामानं बाबांना शेल्याऐवजी साधं उपरणं दिलं होतं. एवढ्यासाठी चार वर्षं! आणि तिकडे आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

"फोटोवाला येऊनच रायला," आई म्हणाली, "तर एक माहाबी काढा ना. आईले धाडते. तिले अजून थोडं दिसते. मंग नाई दिसनार."

"'मले, तुले' आधी सोड," बाबा म्हणाले. ते पुण्याला शिकून आले होते आणि तिथून त्यांनी कायद्यापेक्षा जास्त नाक वर करणं आणलं होतं. मग भात कालवत ते म्हणाले, "आधी कुत्र्याचं नीट कर. साहेबाला दाखवण्यासारखा दिसला, तर एक प्लेट तुझी." तेव्हा फोटो काचेच्या प्लेटीवर निघायचा, एका प्लेटीवर एकच.

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. मी नऊ वर्षांची होते, त्यांच्या समोरच्या पाटावर बसले होते आणि माझ्या तोंडात घास होता. पुढे कुणी काही म्हणो, एक प्लेट तिची होती.

दुसऱ्या दिवसापासून आईनं कुत्रा हाती घेतला. पौषाचे दिवस, विहिरीचं पाणी असं गार की लोटा टेकला तरी अंगावर काटा यायचा. सकाळी स्वयंपाक उरकून ती मागच्या अंगणात बसायची आणि आमच्या वेणीफणीची जुनी फणी घेऊन त्याच्या केसांतली गोखरं आणि गवताची कुसळं एकेक करून काढायची. काही ठिकाणी केसांचे गठ्ठे झाले होते. ते तिनं खोबरेल तेल लावून बोटांनी सोडवले. ते झालं की आंघोळ, मगच स्वयंपाकघरात पाय. दुपारी पुन्हा कुत्रा, पुन्हा आंघोळ. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायचा म्हणून तिसरी. बंबातलं गरम पाणी बाबांसाठी असायचं. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला, पाचव्या दिवशी ती खोकायला लागली. बाबांनी त्यावर एवढंच विचारलं, की कुत्र्याला तर सर्दी नाही ना झाली?

मागच्या दारी भाजी घेऊन येणारी माळीण हे सगळं पाहत होती. वांग्यांची टोपली उतरवून ती म्हणाली, "काय वो बाई, कुत्र्याची मुंज करता काय?"

"फोटो काढाचा हाये त्याचा."

"आन् तुमचा?"

"माहाबी हाये," आई म्हणाली. असं म्हणताना ती लाजली. आईला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि नंतर कधी पाहिल्याचं आठवत नाही.

गोचिडांवरचा उपाय माळणीनंच सांगितला. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुवा, आणि सीताफळाच्या बियांची पूड लावा, पण डोळ्यांत जाऊ देऊ नका, नाहीतर साहेबाले आंधळं कुत्रं धाडसाल. आईनं तसं केलं. त्याचे डोळे तिनं आपल्या पदराच्या दोन पट्ट्या करून बांधले आणि पूड लावून होईपर्यंत त्याला मांडीत धरून बसली. तोही बसला. त्याला खुर्चीवर बसायला तिनंच शिकवलं. स्वयंपाकघरातलं मोडकं स्टूल अंगणात मांडून, तुपात बुडवलेला भाकरीचा तुकडा नाकासमोर धरून ती म्हणायची, "अरे, बस. हलू नोको. हलशीन तर माहा फोटो जाईन." मी हसायचे. ती हसत नव्हती.

बाबांनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं की कुत्र्याला दोन दिवस उपाशी ठेवलं की तो सांगितलेलं ऐकतो. तसा त्यांनी हुकूम सोडला. आई "हो" म्हणाली आणि मागच्या दारी जाऊन त्याला रोजच्यासारखं वरण-भाकरी खाऊ घातली.

मग झाली निळीची गोष्ट. कुत्रा मुळात पांढरा, त्यावर तांबूस ठिपके. पण आमच्या काळ्या मातीत लोळून त्याचा पांढरा रंग जुन्या धोतरासारखा पिवळट पडला होता. शिकेकाईनं धुतला, रिठ्यानं धुतला, फरक नाही. फोटोच्या आदल्या दिवशी आईनं तेच केलं जे ती दर आठवड्याला बाबांच्या धोतरांचं करत होती. शेवटच्या पाण्यात तिनं निळीची पुरचुंडी फिरवली. धोतर पिळता येतं, कुत्रा पिळता येत नाही. उन्हात वाळल्यावर तो पोटाकडून आणि कानांमागून स्वच्छ निळा झाला.

बाबा कोर्टातून आले आणि ओसरीवरच उभे राहिले. मग जे सुरू झालं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. "साहेबाला निळा कुत्रा पाठवू? अक्कल गहाण टाकली होतीस? अंजनगावात कुत्रे निळे असतात काय?" आणि शेवटी, अगदी हळू आवाजात, "तुझी प्लेट गेली असं समज."

आईनं कुत्र्याला पुन्हा विहिरीवर नेलं आणि अंधार पडेपर्यंत त्याच्यावर पाणी ओतत राहिली. निळा रंग थोडा फिका झाला. कुत्रा आणि ती, दोघंही थंडीनं कुडकुडत होती. मी कंदील धरला होता, आणि बाबांना काहीतरी व्हावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

सकाळच्या गाडीनं फोटोवाला बडनेऱ्याला उतरला आणि तिथून आला. बुटका, जाडा, आनंदी माणूस, बोटं औषधानं काळी पडलेली. बरोबर लाकडी कॅमेरा, तिपाई, काळा कपडा आणि प्लेटींची पेटी. वाटेत बडनेऱ्यात कुणाच्या तरी घरचा गोतावळा बसवून त्यानं काही प्लेटी खर्च केल्या होत्या. आता तीनच उरल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं. बाबांनी तोंड वाकडं करत त्याला कुत्रा दाखवला. तो माणूस पोट धरून हसला.

"निळा हाये म्हनून घाबरता काय, वकीलसाहेब? माह्या प्लेटीले निळं पांढरं दिसते! असा पांढरा येईन का बगुळा झक मारन. कोनं केलं हे? लय हुशार मानूस हाये."

आई दाराआड उभी होती. तिथूनच तिनं विचारलं, "आन् लाल, भाऊ?"

"लाल काळं दिसते, बाई."

"कुंकूबी?"

"हाव. पन दिसन बराबर."

बाबांच्या तोंडून काही निघायच्या आत फोटोवाल्यानं स्वतःच विचारलं, "तीन प्लेटी हायेत. कोनाकोनाचे काढू?" परक्या माणसासमोर दिलेला शब्द फिरवणं बाबांना जड गेलं असावं. ते म्हणाले, "दोन कुत्र्याला. जमलं तर एक घरातून सांगितलंय तो." घरातून म्हणजे आई. ती आत पळालीच. ट्रंकेतून काढून ठेवलेलं लाल लुगडं तिनं बाजूला टाकलं आणि आस्मानी नेसली, फोटोत उजळ यावं म्हणून. अंबाडा घालून त्यावर शेवंतीची वेणी माळली. नथ घातली. जोडवी चिंचेनं घासून आदल्या दिवशीच लखलखीत केली होती. माझ्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "पाह्य ना, आईले वळखू येईन का मी?"

मी म्हटलं, "येईन."

अंगणात बाबांची कामाची खुर्ची मांडली. कुत्रा खुर्चीवर, बाबा शेजारी उभे. शिवायचं नाही म्हणून चार बोटं अंतर राखून. फोटोवाला काळ्या कपड्यात शिरला, मग बाहेर येऊन भिंगाचं झाकण काढून मोजू लागला, "एक, दोन..." बाबा कुजबुजत्या इंग्रजीत कुत्र्याला हुकूम देत होते. कुत्र्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. पहिली प्लेट गेली.

दुसऱ्या वेळी बाबांनी त्याला छडी दाखवली. तो खुर्चीवरून उडी मारून थेट आईच्या पायांशी. दुसरी प्लेट गेली.

बाबांचा चेहरा लाल झाला होता. फोटोवाला डोकं खाजवत होता. आणि तेव्हा मी तोंड उघडलं. कुणी मला विचारलं नव्हतं. शहाणपणा दाखवायची मला भारी हौस होती. मी म्हटलं, "आईजवळ बसतो ना तो. आईच्या मांडीत अगदी गप बसतो."

फोटोवाल्याचे डोळे चमकले. "मंग झालं की! लहान लेकराचे फोटो आमी असेच काढतो. माय खुर्चीवर बसते, तिच्यावर सतरंजी टाकाची, लेकरू मांडीवर. मायचं काईच दिसत नाई. माय खुर्ची होते."

ती तिसरी प्लेट होती. फोटोवाल्याला बाबांचं आणि आईचं ठरलेलं माहीत नव्हतं. बाबांना होतं. मला होतं. आईनं बाबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि मला वाटतं तिच्या उभ्या आयुष्यात तिनं त्यांच्याकडे तसं एवढंच एकदा पाहिलं असेल. बाबा उपरण्याची घडी नीट करत म्हणाले, "चला, ऊन उतरतंय."

ती खुर्चीवर बसली. आस्मानी लुगडं, नथ, शेवंती, सगळं घालून बसली. बाबांनी मला सांगितलं, "सतरंजी आण." मी बैठकीतली सतरंजी आणली. एक टोक फोटोवाल्यानं धरलं, दुसरं मी. आईच्या डोक्यावरून मी ती ओढली. तिचा चेहरा झाकणारे हात माझे होते.

कुत्रा उडी मारून तिच्या मांडीवर बसला आणि दगडासारखा स्थिर झाला. आतून खोकल्याची उबळ आली तशी सतरंजी हलली. "खोकू नकोस," बाबा म्हणाले. सतरंजी हलायची थांबली. "एक, दोन, तीन." झाकण बसलं.

सतरंजी काढली तेव्हा नथीचा आकडा सतरंजीच्या दोऱ्यात अडकला होता. तो सोडवताना नाकातून थोडं रक्त आलं. शेवंती चुरगळली होती, कुंकू पुसलं होतं. फोटोवाला प्लेट पेटीत ठेवत संकोचून म्हणाला, "बाईंचा रायला की हो, साहेब." बाबा म्हणाले, "पुढच्या खेपेला." आईनं कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "याचा तरी नीट आला का, भाऊ?" मग ती आंघोळीला गेली. कुत्रा शिवला होता ना.

पुढची खेप कधी आली नाही. साहेबाचं उत्तर आलं, कुत्रा उत्तम दिसतो. बाबा ऑनररी मॅजिस्ट्रेट झाले. पुढच्या उन्हाळ्यात कुत्रा आजारी पडून मेला, तेव्हा बाबांनी साहेबाला चार पानी पत्र लिहिलं आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानंतर दोन वर्षांनी आई बाळंतपणात गेली. अंजनगावला एक कार्ड गेलं, कोपरा फाडलेलं, तेही कारकुनाच्या अक्षरातलं. आजीला तोवर काहीच दिसत नव्हतं. ते तिला वाचून दाखवावं लागलं.

तेराव्याला आलेल्या कुणीतरी बाबांना विचारलं, "वहिनींचा एखादा फोटो असेल ना?" बाबांनी उपरण्यानं डोळे टिपले. ते म्हणाले, "कधी तयारच झाली नाही हो. जुन्या वळणाची. फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणायची." लोक चुकचुकले. मी बारा वर्षांची होते, पंगतीत मीठ वाढत होते. माझ्या हातात मूठभर मीठ होतं आणि ते त्यांच्या तोंडावर फेकायचं धैर्य माझ्यात नव्हतं. पण त्या दिवसापासून मी त्यांना माफ करायचं नाही असं ठरवलं, आणि मी ठरवलेलं सहसा मोडत नाही.

पुढे शिकले, अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. एकदा शाळेच्या मुलींचा फोटो काढायला जो माणूस आला, तो तोच. केस पिकले होते, बोटं तशीच काळी. मी कुठली ते कळल्यावर तो म्हणाला, "निळ्या कुत्र्यावाले वकीलसाहेब! तुमी त्याइची पोट्टी काय?" मग थोडं थांबून म्हणाला, "बाईंचा फोटो रायलाच. मले लय दिवस वाईट वाटलं. अन् पाय आले होते ना त्याइचे."

"कसले पाय?"

"सतरंजी तोकडी पडली होती. प्लेट धुतली तवा दिसलं. जोडव्यासकट दोन पाय, लख्ख. वकीलसाहेबांनी मले लिवलं, पाय झाका. साहेबाच्या फोटोचे मी कापले. घरचा मोठा होता, म्हनून त्याच्यावर रुंद पुठ्ठा लावून देला. पन आतमंधी हायेतच ते."

एवढी वर्षं त्या फोटोखालून मी ये-जा केली होती. तिथंच अभ्यास केला होता, केर काढला होता. आणि पुठ्ठ्यामागे चार बोटांवर आई होती, आणि हे बाबांना माहीत होतं.

शनिवारची शाळा सुटल्यावर मी अमरावतीला गेले. बाबा बैठकीत आरामखुर्चीवर पेपर वाचत होते. मी पायातली चप्पलही न काढता स्टुलावर चढले आणि फोटो उतरवला.

"काय करतेस?"

मी जमिनीवर बसून फ्रेमच्या मागचे खिळे उचकटले, काच काढली, पुठ्ठा उचलला. होते. सतरंजीच्या झालरीखाली दोन पाय. जोडवी उन्हात चमकलेली. पायांची बोटं जमिनीत रुतल्यासारखी आवळलेली, कुत्र्याचं वजन मांडीवर होतं आणि खोकला दाबून धरायचा होता म्हणून.

"हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "बरं दिसत नव्हतं ते. साहेबाकडे जायचा होता फोटो. खुर्चीला बाईचे पाय... लोक हसले असते."

"तेराव्याला तुम्ही म्हणालात, ती तयारच झाली नाही."

पुण्याला शिकलेली ती जीभ पहिल्यांदाच जागच्या जागी बसली. मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं, म्हातारे झाले होते. आली नाही.

मी कात्री आणि नवा पुठ्ठा मागवला. पुठ्ठ्यात खाली एक लांबट खिडकी कापली, फक्त पायांच्या मापाची, आणि वरचं सगळं झाकून टाकलं. बाबा गेले, पगडी गेली. कुत्राही गेला, त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं, त्या बिचाऱ्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. मग काच बसवली, खिळे ठोकले आणि फोटो त्याच खिळ्यावर, त्याच भिंतीवर टांगला. "तो इथनं हलला," मी बाबांना म्हटलं, "तर मी या घरात परत पाऊल ठेवणार नाही. आणि का ठेवत नाही, ते गावभर सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या आधीच एक पक्षकार आला. साधा, शेतीवाडीचा माणूस. बैठकीत शिरला, भिंतीकडे पाहिलं, आणि चौकटीत पाय दिसताच त्यानं डोक्याची टोपी काढून दोन्ही हात जोडले. डोळे मिटून नमस्कार केला.

"कोन्या महाराजाचे पाय हायेत हे, वकीलसाहेब?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, पिशवी खांद्याला लावून. त्यांना वाटलं असावं, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेईन, लहानपणी नेत असे तशी. मी एक शब्द बोलले नाही. तो माणूस अजून हात जोडूनच उभा होता.

"महाराज नाहीत," बाबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "हिच्या आईचे आहेत."